माझ्या कॉटभोवतीचा व्यायामवर्ग

खताच्या दुकानात आयुष्य बसून काढलं. दुकान मुलाच्या ताब्यात दिलं त्या वर्षी डॉक्टरांनी माझी साखर तपासली आणि म्हणाले, "आता बसणं बंद."

मी म्हणालो, "दुकान तर सोडलंय."

"दुकान सोडलंत. बसणं कुठं सोडलंत?"

खरं होतं. दुकानातल्या खुर्चीवरून उठून मी घरच्या खुर्चीवर आलो होतो, एवढाच काय तो माझा प्रवास. त्यात आमच्या सोनईत माणसाला बसायला जागांची वानवा नाही. पार आहे, चहाची टपरी आहे, आपलंच जुनं दुकान आहे. मी तिन्ही ठिकाणी बसायचो आणि लोकांना तब्येतीबद्दल सल्ले द्यायचो.

आमच्या शेजारच्या शेतकरी घरात जामखेडकडची सून आली होती. कॉलेजात खो-खो खेळलेली, पुढं योगाचा कोर्स केलेली. लग्नात रुखवतासोबत तिचे पळायचे बूटही आले होते, ते माळ्यावर पडून होते. तिनं एकदा सासूपुढं विषय काढला, की सकाळी तासभर देवळाच्या सभामंडपात व्यायामाचा वर्ग घेऊ का. सासूबाईंना मी वहिनी म्हणतो. वहिनींचा आवाज आमच्या सामाईक भिंतीला कधीच जुमानत नाही, त्यामुळं निकाल मलाही ऐकू आला.

"दिवाळीपर्यंत बघू. मानसं आली तर चालव. चार टाळक्यांपायी माझी सून धारा सोडून न्हाई जायची. मग गुमान घरात बसायचं."

संध्याकाळी सुनेचे ते बूट धुऊन भिंतीवर वाळत घातलेले दिसले.

पहिला विद्यार्थी मीच. बाकी काही बायका, एक निवृत्त पोस्टमन आणि शिंपीकाम करणारे एक गृहस्थ. आमच्या हिनं येणार नाही म्हणून आधीच जाहीर केलं. "घर झाडते, पीठ मळते, तुमच्यामागं फिरते. आणि वेगळा योगा कशाला?"

मी कंबरेत वाकायचो तेव्हा युरियाचं पोतं मधेच मुडपल्यासारखा दिसत असणार. पण ती पोरगी कधी हसली नाही.

"काका, श्वास सोडा."

"सोडला तर पोट बाहेर येतं."

"येऊ द्या. आपलंच आहे."

तिच्या अशा बोलण्यानं बरं वाटायचं. तरी श्रावण लागला तसं खुरपणी, उपास, पाहुणे अशी एकेक कारणं निघाली आणि मंडपातल्या चटया रिकाम्या राहू लागल्या. ती चटया अंथरताना दरवाजाकडं बघत राहायची. दिवाळी जवळ येत होती. मला ते बघवेना, म्हणून मी मदत करायचं ठरवलं. मी मदत करायचं ठरवलं की आमची ही देवाला हात जोडते.

मदत म्हटली की मला एकच गोष्ट येते. मेळावा. खतांसाठी, बियाण्यांसाठी मी हयातभर शेतकरी मेळावे घेतले. मांडव, फेटे, शाल-श्रीफळ, भाषणं, शेवटी जेवण. खत खपतं तर व्यायाम का खपू नये? पोरीनं हळूच सांगून पाहिलं, "काका, नुसतं सगळ्यांना जमवून हातपाय हलवू देऊ. भाषणं नकोत."

"अगं, भाषणाशिवाय कार्यक्रम सुरू झालाय हे लोकांना कळत नाही," मी म्हणालो. तिचा धंदा तिला कळत होता, माझा मला. माझं चुकलं एवढंच, की तो कार्यक्रम तिच्या धंद्याचा होता.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी निम्मं गाव सतरंजीवर आलं. प्रमुख पाहुणे मात्र वेळेवर आले नाहीत. ते आले तेव्हा ऊन मांडवात शिरलं होतं आणि लोकांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. मग सत्कार झाले. आमच्याकडं सत्कारातून कुणी सुटत नाही. मांडववाल्याचाही झाला. पाहुण्यांनी खुर्चीवर बसूनच चालण्याचे फायदे सांगितले. पोरगी मागं चटया कवटाळून उभी. तेवढ्यात कढईतल्या भज्यांचा वास आला आणि लोकांच्या माना तिकडं वळल्या.

हे सगळं हातचं जातंय हे मला दिसलं. मी माईक ओढला. "थांबा. ह्या वयात मी काय शिकलोय ते दाखवतो."

डोक्यावर फेटा, खांद्यावर शाल. पोरगी म्हणत होती, "काका, आधी थोडं अंग मोकळं करा." मी वाकलो. इतके महिने गुडघ्यापाशी अडणारे हात त्या दिवशी गावाच्या नजरेनं जोर येऊन थेट जमिनीला टेकले. टाळ्या पडल्या. आणि कंबरेत काहीतरी असं धरलं, की वर येणंच होईना. माईक खाली ठेवला होता, नेमका तोंडापाशी. माझं "आई गं" कर्ण्यातून पार बाजारपेठेपर्यंत गेलं.

दोघा-तिघांनी मला तसाच वाकलेला उचलून नेलं. फेटा जागचा हलला नाही. तो बांधणाऱ्याचं नंतर फार कौतुक झालं.

डॉक्टर म्हणाले, स्नायू आखडलाय, काही दिवस पडून राहा, मग हळूहळू हालचाल करा. गावानं वेगळं निदान केलं. योगानं कंबर जाते. दुसऱ्या दिवशी मंडपात पोस्टमन तेवढे आले. मग तेही आले नाहीत. भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला, "म्या काय म्हनलं हुतं?"

मी ओसरीवर कॉटवर पडून ते ऐकलं. कंबरेपेक्षा ते जास्त दुखलं. मला साखर कमी करायची होती, चार लोकांत मिरवायचं होतं. तिला मात्र दिवसातली एक जागा हवी होती, जिथं ती कुणाची सून नव्हती. ती जागा मी फेटा बांधून वाजतगाजत घालवली.

आता आमच्याकडं आजारी माणसाला बघायला जावंच लागतं. भांडण असलं तरी जातात. तसे लोक येऊ लागले. केळी, बिस्किटाचा पुडा, "कसं काय झालं हो?" आणि दोन मिनिटांत माझी कंबर बाजूला पडून ज्याचं त्याचं सुरू व्हायचं. माझा गुडघा असा, माझी मान तशी. आजारी माणूस हे निमित्त असतं. आपलं दुखणं सांगायला गावात दुसरी जागा कुठं असते?

अशाच एका सकाळी पोरगी आली. "काका, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच करू. आधी नुसते घोटे फिरवा."

मी घोटे फिरवू लागलो. मला बघायला आलेली एक बाई समोर खुर्चीवर बसली होती. तिला दुसरं काही काम नव्हतं, तिनंही घोटे फिरवले. दुसऱ्या दिवशी ती जावेला घेऊन आली, मला "बघायला". मग शिंपी आले, पोस्टमन आले. पोरगी बोलायची माझ्याशीच, पण खांदे सगळ्यांचे हलायचे. आमची ही पिठाचे हात घेऊन उंबऱ्यात उभी राहायची, आणि सगळ्यांसोबत तिचीही मान उजवीकडं-डावीकडं वळायची. मी बघितलं की थांबायची.

पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं, की मंडपात आलेला माणूस व्यायाम करायला आलेला असतो, त्याला ते जमलं पाहिजे. इथं कुणीच व्यायामाला आलेलं नव्हतं. सगळे मला बघायला आलेले, त्यामुळं त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं.

वहिनी सगळ्यांत शेवटी आल्या, दुधाचा तांब्या घेऊन.

"काय भाऊजी, हे वय हाय का वाकायचं? ऊस तरी बरा, वाकला तर रानातच ऱ्हातो. माईकवर न्हाई वरडत."

वहिनींचा उजवा खांदा मागच्या वर्षीपासून धरलेला. अंबाडा सुनेकडून बांधून घ्यायच्या, हे सगळ्यांना ठाऊक. पोरीनं सासूकडं न बघता मलाच सांगितल्यासारखं सांगितलं, "काका, खांदा धरला असला ना, तर भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. दुखेल तिथं थांबायचं."

माझा खांदा ठणठणीत होता. मी मान डोलावली. थोड्या वेळानं वहिनी उठल्या, "ह्या भितीला काय लागलंय बघू" म्हणाल्या, आणि भिंतीकडं तोंड करून बोटं चालवू लागल्या. कुणी तिकडं पाहिलं नाही. त्या दिवशी बोटं कॅलेंडरच्या खालच्या कडेला थांबली. पुढं भिंतीला रोज काही ना काही लागलेलं असायचं. दिवाळीच्या सुमाराला बोटं कॅलेंडरच्या खिळ्यापाशी पोचली.

आणि नेमकी माझी कंबर बरी झाली. पंचाईत अशी, की मी उठलो तर बघायला येणार कोण? म्हणून मी कण्हत राहिलो. सकाळी लोक यायच्या वेळी पांघरूण घ्यायचो. ही म्हणाली, "सकाळी कण्हता आणि दुपारी तीन भाकरी हाणता. लोकांना डोळे आहेत."

होतेच. वसुबारसेला मी स्टुलावर चढून, दोन्ही हात ताणून आकाशकंदील लावत होतो आणि फाटकातून वहिनी आल्या.

"कंबर?"

"आत्ताच सुटली," मी म्हणालो.

"उतरा खाली. सोंग पुरं."

मी उतरलो. म्हटलं, संपलं. दिवाळी आली, आता त्या निकाल सांगणार. वहिनींनी ओसरीभर नजर फिरवली. चपलांचा ढीग दारात रोज असायचा, तिथली माती हिनं अजून झाडली नव्हती.

"हितं भित पुरंना," त्या म्हणाल्या. "पाडव्यापास्नं मंडपात न्या समदं."

"आणि धारा?"

"धारा काढाया हात वर न्यावा लागत न्हाई. म्या काढीन." फाटकाशी जाऊन वळल्या. "पर मेळावा घेतला तर बघा."

तेव्हापासून मंडपात वर्ग सुरू आहे. फेटा नाही, माईक नाही. रीत एकच पडली आहे, आणि ती कुणी ठरवली हे आता सांगता येत नाही. सांगून-सवरून गावाला गेला असेल तर ठीक. पण न सांगता जो येत नाही, त्याला वर्ग सुटल्यावर सगळे मिळून बघायला जातात, बिस्किटाचा पुडा घेऊन. त्या भीतीनं कुणी चुकत नाही.

मागच्या थंडीत एकदा मी चुकलो. गोधडी सोडवेना, एवढंच कारण. डोळा लागतोय तोवर फाटक वाजलं. सगळ्यांत पुढं पोरीच्या बुटांचा आवाज, मागं चपलांचा, आणि त्यावरून वहिनींचा.

"भाऊजी, आज काय दुखतंय?"

मी गोधडीतून घोटे बाहेर काढले आणि फिरवायला लागलो.