आमच्या घराचं स्मारक होता होता

दादांचं वर्षश्राद्ध होऊन आठवडाही उलटला नव्हता, तोच स्मारक समितीची माणसं टेप घेऊन आमच्या बैठकीच्या खोलीत शिरली. मी मुरुमला सासरी असते, तिथंच शाळेत शिकवते. श्राद्धासाठी रजा काढून आईकडं आले होते. एकानं टेपचं टोक खिडकीशी धरलं, दुसरा मागं मागं सरकत दारापर्यंत गेला. आई आतूनच म्हणाली, "जपून, उंबरा हाय." मला वाटलं, घराला रंग देऊन देतायत की काय.

दादा म्हणजे माझे वडील. एकदा आमदार आणि बाकी जन्मभर कार्यकर्ते. पाझर तलाव, मुलींचं वसतिगृह, वाडीवस्तीला मुक्कामी एसटी, हे सगळं त्यांनी सरकारच्या मागं हात धुऊन लागून आणलं, असं येरमाळ्यापासून कळंबपर्यंत कुणीही सांगेल. आम्हाला मात्र ते पाहुण्यासारखे मिळायचे. लष्कराच्या भाकऱ्या ते भाजायचे आणि खऱ्या भाकऱ्या आई. उजाडायच्या आत कुणीतरी दारात हजर. दादा नसले तरी त्याला चहा व्हायचा, मग दुसरा यायचा, मग त्याचं ऐकून घ्यायचं. दादा गेल्यावर हे थांबेल असं मला वाटलं होतं. थांबलं नाही. आईचे गुडघे धरलेले, उठताना भिंतीला हात लावावा लागतो, तरी तिचं आधण चुलीवरून उतरत नव्हतं.

समितीचे अध्यक्ष म्हणजे दादांचे सगळ्यात जुने सोबती. मी त्यांना काका म्हणते. माणूस सोन्यासारखा, पण एकदा ठरवलं की कुणाला विचारायचं राहूनच जातं. खुर्चीत टेकत ते मला म्हणाले, "ताई, दादांचं घर हेच दादांचं स्मारक. ही खोली जशीच्या तशी ठिवायची. खुर्ची, चष्मा, वहाणा. अंगणात पुतळा. शाळांच्या सहली यतील."

"आणि आई?"

"वैनींला मागल्या दोन खोल्या हायत की. आन् त्यांच्याबिगर माहिती कोण सांगणार लोकांला?"

म्हणजे आईनं आता सहलींना माहिती सांगायची, आणि मागच्या दोन खोल्यांत राहून त्यांच्या गुरुजींना चहा द्यायचा. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. मी तोंड उघडणार, इतक्यात आई दारात येऊन म्हणाली, "बरं."

माझं डोकंच फिरलं. माणसं गेल्यावर मी स्वयंपाकघरात तिला नाही नाही ते बोलले. अख्ख्या जन्मात तुला एकदा तरी नाही म्हणता आलं का, असं विचारलं. ती तांदूळ निवडत होती. "लोकांनीच ह्यांना मोठं केलं," ती म्हणाली. "त्या लोकांला न्हाय कसं म्हणू?"

"मग मुरुमला चल माझ्याकडं."

"लेकीच्या घरी किती दिस ऱ्हायचं गं? माझं घर हाय की इथं."

एवढं म्हणाली आणि तिचा हात सुपातच थांबला. घर आहे, असं म्हणताना त्यातलं आपलं किती उरणार, हे तिलाच उमगलं असावं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला माझ्या आवाजाची लाज वाटली. मग मी तिच्याबरोबर खडे काढत राहिले.

दोन दिवसांनी समिती पुन्हा आली, आराखडा घेऊन. आराखड्यात आमचं घर फार देखणं दिसत होतं. मोगऱ्याच्या जागी फरशी होती, न्हाणीच्या जागी चपला काढायची जागा. मी भांडायच्या तयारीनंच पदर खोचून बसले होते. तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन आली, सगळ्यांना कप दिले, आणि आत जायच्या ऐवजी भिंतीला टेकून खाली सतरंजीवर बसली. असं तिला बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. काका चटकन सावरून बसले.

"भावजी," आई म्हणाली, "तुमी ह्यांना भेटायला कुठं जायचा?"

"मी? स्टँडवर. रोजचंच की ते."

"आन् खेड्यापाड्यातून यष्टीनं येणारी माणसं?"

"ती बी तिथंच. उतरली की दादा म्होरं बाकड्यावर."

"आन् हितं कशाला यायचा?"

काका कपाकडं बघत म्हणाले, "हितं आपलं... च्या प्यायला."

"मग हितं स्मारक कशाचं करताव? च्याचं?"

सगळी बैठक हसली. आराखडा धरून बसलेला इंजिनिअरही हसला. आई हसली नाही. ती शांतपणे म्हणाली, "घरात हे होते कवा? जिथं असायचे तिथं करा की. खुर्ची न्या, चष्मा न्या, काय पायजे ते न्या. हितं मी हाय. अजून जित्ती हाय मी."

काकांनी कप खाली ठेवला. डोळ्यांवरून उपरणं फिरवलं. "चुकलं, वैनी," एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी आराखडा गुंडाळून इंजिनिअरच्या हातात दिला. माझा जीव भांड्यात पडला. खोचलेला पदर मी हळूच सोडला. भांडण वाया गेलं याचं थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू? आणि तेव्हासुद्धा आईनं 'नाही' हा शब्द उच्चारला नव्हता.

स्मारक स्टँडसमोर झालं. दादांचा अर्धपुतळा, त्याला लागून एसटीची वाट बघणाऱ्यांसाठी पत्र्याची मोठी शेड, बाकडी, पिण्याच्या पाण्याचे नळ. लोकार्पणाला मी पुन्हा रजा काढून आले. भाषणं लांबली, ती लांबणारच. आईला व्यासपीठावर बसवलं होतं. सगळं आटोपल्यावर खाली येऊन तिनं पुतळ्याच्या गळ्यातला वाकडा हार सरळ केला आणि बाकड्यावर बसून पाहिलं. "पाठ टेकती," ती मला म्हणाली. शेजारी एका म्हातारीनं आपली पिशवी पुतळ्याच्या पायथ्याशी टेकवली आणि नळाला पाणी प्यायला गेली. दादांना हे आवडलं असतं, असं वाटून मला भडभडून आलं.

मी मुरुमला परतायच्या आदल्या दुपारची गोष्ट. खुर्ची गेल्यामुळं बैठकीत खिडकीखाली जागा झाली होती. आईनं आपली बाज ओढत तिथं आणली, वाऱ्याला पडते म्हणाली आणि बघता बघता घोरायला लागली. कुणीतरी दार वाजवलं. लांबच्या खेड्यातला एक म्हातारा होता, डोक्याला मुंडासं, हातात फुलांचा पुडा.

"वैनी हायत का?"

मी आयुष्यात या दारात कधी न बोललेलं वाक्य बोलले. "झोपलीय."

त्यानं आत डोकावून पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"झोपू द्या, झोपू द्या. म्या स्टँडवर जातो."