न्हाणीच्या दारातला कार्बन

“आतमधी माणूस हाय का नुसतंच दार अडकलंय?” बाहेरून कळंबच्या पाहुण्यांचा आवाज आला.

आत माणूस होतं. मी होते. केसांना टॉवेल, अंगात गाऊन, आणि अकरा वाजता मंचरच्या शाळेत मुलाखत! (पाहुणे मला बघायला आले नव्हते, आमची कालवड बघायला आले होते. तिला निदान गोठ्यातून बाहेर तरी येता येत होतं.)

चूक माझीच. वादळात बांधावरची जांभळ पडली, तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, ती वीटभट्टीला द्यायला निघाले होते. समोरासमोर बोलणं मला जमत नाही. म्हणून मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘झाडाने हवेतला कार्बन लाकडात साठवलेला असतो. जाळलं की तो पुन्हा हवेत जातो. वस्तू केली, तर ती टिकेल तितकी वर्षं तो तिथेच राहतो.’ आप्पांनी ते तीनदा वाचलं आणि भट्टीवाल्याचा टेम्पो रिकामा परत पाठवला!

“न्हाणीला दार करू,” ते म्हणाले. सुतारमामांनी मला विचारलं, “ताई, लाकूड वलं हाय. उन्हाळाभर वाळू द्यायचं का?” द्यायचं असतं, हे मी वाचलं होतं. पण अंगणातले सगळे माझ्याकडे बघत होते. मी नुसती हसले. आठवड्यात दार बसलं.

महिनाभर ते शहाण्यासारखं वागलं. मग पिळवटायला लागलं. आणि नेमकं मुलाखतीच्या सकाळी चौकटीत असं रुतलं, की मी खांदा लावला तरी हलेना. मी “आप्पा” अशी हाक मारली. (ती मलाच नीट ऐकू आली नाही.) शेवटी बादली वाजवली.

“कुऱ्हाड आणतो,” चुलतभाऊ म्हणाला. “दोन घावांत मोकळी!”

“हात लावशील तर बघ!” आप्पा कडाडले. “लई कार्बन हाय त्यात!”

“कार्बन म्हंजी? वाळवी का?” पाहुण्यांनी विचारलं.

“न्हाई राव! आख्ख्या जगाचा उकाडा वाढतोय ना, त्याला आमचं दार धरून बसलंय. आमच्या पोरीनं लिवलंय.”

“लई हुशार! कुठंय पोरगी?”

“आत.”

पाहुणे दारापासून दोन पावलं मागे सरकले.

“सुतार बेल्ह्याला गेलाय बाजाराला,” आप्पा दाराला तोंड लावून मायेनं म्हणाले. “सांजच्याला येऊन रंधा मारंल. तवर बस हां, बाळा.”

तेवढ्यात फाट्यावर मंचरच्या एसटीचा हॉर्न वाजला. मुलाखत पर्यावरण शिकवायच्या नोकरीची होती. जन्मात पहिल्यांदा मी आमच्या पिंपळवंडीभर ऐकू जाईल अशी ओरडले,

“आप्पा, फोडा ते दार! आणि बंबात घाला!”