कात्रीसर आणि माझा प्रबंध

कात्रीसर आमच्या प्रबंधांची प्रकरणं तळेगावहून येताना लोकलमध्ये वाचत आणि ती कोणत्या स्टेशनला मेली, ते वर्गात सगळ्यांसमोर सांगत. "तुझं बेगडेवाडीला गेलं," असं ते अगदी शांतपणे म्हणत, दूरच्या नातेवाइकाची बातमी द्यावी तसं. देहूरोड ओलांडलं तर पोरगं हुशार. ते चिंचवडला उतरत, पण तिथवर कुणाचं प्रकरण टिकल्याचं मला आठवत नाही. माझं पहिलं तर घोरावाडीलाच आटोपलं, आणि तळेगावनंतरचं ते पहिलंच स्टेशन.

चित्रपट अभ्यासाच्या एम.ए.ला ते आमचे मार्गदर्शक होते. तरुणपणी संकलनाच्या टेबलावर काम केलेलं, त्यामुळे समोर काहीही आलं की हे कुठून कापता येईल, हाच त्यांचा पहिला विचार. म्हणून ते कात्रीसर. कापाकापीला बसण्याआधी ते कॅन्टीनमध्ये नेऊन वडापाव पुढे सरकवत. "आत्ताच खाऊन घे. नंतर घशाखाली उतरणार नाही." आमच्यातली एक मुलगी त्यांच्यासमोर रडली, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत थांबले आणि म्हणाले, "झालं की पुढचा परिच्छेद घेऊ." माणूस दुष्टच होता. पण आमचं लिखाण ओळ न् ओळ वाचणारा माणूस आम्हाला जन्मात पहिल्यांदा भेटला होता, आणि त्यापायी आम्ही त्यांच्यावर जीव टाकायचो.

प्रबंधासाठी मी भारदस्त विषय घेऊन गेले होते. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि थेरगावला आमच्या घरी सिनेमा कोण बघतं, ते विचारलं. मी बाबांचं सांगितलं. बाबा चाकणला एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर, शिफ्ट दर आठवड्याला बदलती. सिनेमा बघायचे कंपनीच्या बसमध्ये, मोबाइलवर, तुकड्या-तुकड्यांनी. मध्येच झोप लागायची. मग न बघितलेला भाग स्वतःच रचून ते जेवताना आम्हाला सांगायचे, आणि आई त्यांना पकडायची. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, शिफ्टमधली माणसं अर्धामुर्धा सिनेमा कसा पुरा करतात, एवढंच लिही. बाकीचं फेकून दे.

त्यांची अट एकच होती, की कुणालाही प्रश्न विचारायचा नाही. विचारलं की लोक शहाणी उत्तरं देतात; नुसतं शेजारी बसून बघायचं. आता परक्या पुरुषांच्या खोल्यांत मी एकटी कशी बसणार? बाबाच घेऊन जायला लागले. गुरुवारी कंपनीला सुट्टी, त्या दिवशी मोटारसायकलवर चाकण. त्यांच्या गावचा गणेश आणि आणखी चौघं एका खोलीत राहायचे. सिनेमा कुणी कुठपर्यंत बघितलाय यावरून त्यांची रोज भांडणं व्हायची, आणि मी कोपऱ्यात बसून ती ऐकायची. प्रत्येक दारात बाबा अभिमानानं सांगायचे, "पोरगी सिनेमावर पुस्तक लिहायली. मी बी हाय त्यात."

होतेच ते. शेवटचं सबंध प्रकरण मी बाबांवर लिहिलं. माझ्या मते ते सगळ्यात चांगलं होतं.

सरांनी ते परत दिलं तेव्हा स्टेशनचं नाव घेतलं नाही. "गणेशच्या प्रकरणात गणेश सिनेमा बघतो. तुझ्या बाबांना तू मखरात बसवलंयस," ते म्हणाले. "ते कंटाळा कुठे आणतात, थापा कुठे मारतात, चिडतात कशावर, ते लिहून आण. नाहीतर काढून टाक." मी खूप प्रयत्न केला. पण लिहायला बसलं की बाबा डब्याची पिशवी घेऊन दारात दिसायचे आणि माझा हात चालायचा नाही. प्रबंध द्यायची वेळ आली. मी ते प्रकरण काढलं. बाबांना तोंडी परीक्षेनंतर सांगू, असं आईनं आणि मी ठरवलं.

परीक्षेच्या दिवशी बाबा न सांगता आले. शिफ्ट बदलून घेतलेली, शर्टाला कडक इस्त्री. मागच्या बाकावर बसून ते सगळं मान पुढे काढून ऐकत होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझं कौतुक केलं. सगळे उठल्यावर बाबा माझ्याकडे न येता थेट सरांकडे गेले.

"सर, माझं कोणत्या पानावर हाय?"

दुसरा कुणीही म्हणाला असता, अहो, पानापानावर तुम्हीच आहात. सर म्हणाले, "कुठेच नाही. मी काढायला लावलं. कच्चं होतं."

"आन् गण्याचं?"

"आहे. पूर्ण प्रकरण."

बाबांनी मान हलवली. "बरं झालं. गण्या खूश हुईल," ते म्हणाले, आणि शर्टाची बाही नीट करत बाहेर गेले.

काढलेलं ते प्रकरण मी अजून मधूनमधून वाचते. सरांचं बरोबर होतं. त्यात बाबा कुठेच नाहीत, नुसती माझी माया आहे. हे कळतं, तरी त्या दिवसासाठी मी सरांना माफ केलेलं नाही.

गेल्या वर्षी सर गेले. मला तळेगावला जायचं नव्हतं. बाबाच हट्टानं घेऊन गेले. सरांच्या बायकोसमोर ते हात जोडून बराच वेळ बसले. बाहेर आल्यावर मी जरा तोऱ्यातच म्हटलं, एवढं काय होतं तुमचं त्यांच्याशी?

"तू मला कवाच सांगितलं नसतंस," बाबा म्हणाले. "त्यांनी तोंडावर सांगितलं."

मग त्यांनी गाडीला किक मारली आणि मी मागे बसले.