वधूचा क्रमांक दोनदा

मुलांनो, आजीनं संगणकाचं काम का सोडलं, असं तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत. तेव्हा मी विषय बदलला. आता लिहूनच सांगते.

सोलापुरातल्या एका मंडळाच्या रक्ततपासणी शिबिरांच्या याद्या मी करत असे. लग्न ठरलेल्यांना थॅलेसेमियाची तपासणी सांगायचो. दोघांच्याही रक्तात दोष असला तर मुलाला जन्मभर दुसऱ्यांचं रक्त चढवावं लागू शकतं. एकातच असला तर ती भीती नाही. सगळे अहवाल एकाच तक्त्यात असत. जोडीचा कागद काढायला संगणकाला दोन ओळींची सूचना द्यायची: पहिलीत वधूचा क्रमांक देऊन तक्त्यातला तिचा अहवाल ‘वधू’ या नावाखाली, दुसरीत वराचा क्रमांक देऊन त्याचा ‘वर’ या नावाखाली.

ही सूचना पहिल्यांदा वापरली ती वळसंगच्या शिबिरात; तिथे जोडी एकच होती, मुलगी आणि तिचा सख्खा मामा. कागदावर दोघांतही दोष दिसला, आणि आकडे दशांशापर्यंत सारखे. मी थबकले.

“इतके सारखे कसे?”

मुलीची आई समोरच बसली होती. “एकच रगत की, बाई. माझा भाऊ, माझी लेक. येगळं कुटनं येनार?”

विज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या मला ते पटलं. कागद डॉक्टरांकडे गेला आणि आठवड्यात लग्न मोडलं.

पुढच्या शिबिराला बरेच महिने गेले. त्यात तीन जोड्या होत्या. तिन्ही जोड्यांत नवरा-नवरीचे आकडे तंतोतंत सारखे आले, तेव्हा मी ती सूचना उघडून पाहिली. दुसरी ओळ मी पहिलीवरून उतरवली होती. नाव ‘वर’ केलं, क्रमांक वधूचाच राहिला, म्हणून तिचाच अहवाल दोनदा छापला गेला. मामाचा मूळ अहवाल उघडला. तो निर्दोष होता.

सकाळी वळसंग गाठलं. दारात मांडव घालत होते. मुलीच्या आईला सगळं सांगितलं.

“भावाला सांगोल्याची पोरगी केली, कवाच,” ती म्हणाली. “ह्यो मांडव लेकीचा. मोहोळचं स्थळ हाय.”

“त्या मुलाचं रक्त तपासलंत?”

“न्हाय. आन् तुमी बी तिकडं बोलू नगा. ह्ये बी मोडंल.”

“ताई, तुमच्या लेकीत दोष खरोखरच आहे.”

“तवा बी असाच कागद दावला हुता की तुमी.”

मुलगी चहा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. कप माझ्यापुढे ठेवून ती आत गेली. लग्न ठरल्या दिवशी झालं आणि मी संगणकाचं काम सोडलं.

परवा तिचा फोन आला. आवाज दबका होता.

“आजी, मला तिसरा महिना हाय. ह्यांना तपासायला काय सांगून आणू?”

“खरं ते सांग.”

मागे सासूची हाक ऐकू आली, तशी ती घाईनं म्हणाली, “गुरुवारी आणते.”

आज बुधवार. दोघांचे अहवाल वेगवेगळ्या पाकिटांत द्या, असं मी प्रयोगशाळेला सांगून ठेवलं आहे.