मामांच्या ओळखीची कपाटे

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. घोटीहून रोज नाशिकला शिकायला यायचो, तेव्हा ग्रंथालयाचे शिपाई मामा पुस्तकाचे नाव सांगितले की क्षणात ते हातात ठेवत. पुढे वाचकाला पुस्तक लवकर कसे मिळेल यावर मी प्रबंध लिहिला आणि त्याच ग्रंथालयात नोकरीला लागलो. प्रबंधात लिहिल्याप्रमाणे सगळी पुस्तके विषयवार, क्रमांकाने लावली. मामांना वाचता येत नाही, ते जागा लक्षात ठेवून पुस्तक काढतात, हे मला ठाऊकच नव्हते; मी कधी विचारलेच नव्हते.

तिसऱ्या दिवशी मामा नव्या मांडणीत एक पुस्तक शोधत कपाटांमधून फिरत होते, तेव्हा ते मागणारा वाचक त्यांना म्हणाला, “मामा, दिवाळीपर्यंत मिळेल ना?” बाकीचे हसले. मामांनी लाकडी स्टूल त्याच्या खांद्यावर हाणले. मी मध्ये पडलो, तर माझी कॉलर धरून त्यांनी मला कपाटावर आपटले. काच फुटली. मग तोंडावर ठोसा बसला आणि दात ओठात रुतला. “माझं डोळं काढून घेतलं तू,” असे म्हणत ते मारतच राहिले.

ग्रंथालयाचे चिटणीस त्यांना काढून टाकायला निघाले. मी म्हणालो, “चूक माझ्या प्रबंधाची आहे.”

“ठोसा प्रबंधाने मारला का?”

“त्यांना काढलंत तर मीही जातो.”

दुसऱ्या दिवशी ओठाला टाके घेऊन मी रंगाचे डबे आणले. मामांना ओळखता यावीत म्हणून पुस्तकांच्या पाठीवर विषयाप्रमाणे वेगवेगळ्या रंगांचे पट्टे ओढायचे होते. मामा बराच वेळ माझ्या ओठाकडे बघत राहिले.

“इतिहासात मारामारी लय असती म्हणतात,” ते म्हणाले. “त्याला लाल लाव.”