पेढ्याला दूध पाजलं कोणी?

सुरुवातीलाच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. जी गोष्ट दुसऱ्यांदा करून दाखवता येत नाही ती घडलीच नाही, असं मी ऑफिसात रोज कुणाला ना कुणाला ऐकवते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे... पण असो.

आमचं घर कसबा पेठेत. माझे सासरे, म्हणजे बाबा, वरातीला घोडी देतात. घरामागे पत्र्याचा तबेला आणि त्यात राणी नावाची पांढरी घोडी. लग्नसराईत बाबा वरातीत असतात आणि एरवी तबेल्यात, म्हणजे घरात कधीच नसतात. पौषात लग्नं नसतात, म्हणून मागच्या पौषात मी हट्टाने गुहागरचं चार दिवसांचं बुकिंग केलं. राणी गाभण होती; तिची तारीख त्यानंतरची होती, पण आम्ही निघायच्या नऊ दिवस आधीच ती व्यायली.

शिंगरू पेढ्याच्या रंगाचं, म्हणून माझ्या मुलीने, ईराने, त्याचं नाव पेढा ठेवलं. राणीची ही पहिलीच खेप. ती त्याला जवळ येऊ देईना. बाबा दर दोन तासांनी बाटलीने दूध पाजायचे.

"मी येत नाही," बाबा म्हणाले. ईराने रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा कसेबसे तयार झाले. पेढ्याची जबाबदारी शेजारच्या लिमये सरांनी घेतली. सर गणिताचे निवृत्त शिक्षक आणि निद्रानाशाचे जुने पेशंट. "रात्रभर मी जागाच असतो. कुणाला तरी उपयोग होऊ दे," म्हणाले.

गुहागरला बाबा समुद्राकडे पाठ करून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ईराने किनाऱ्यावरच्या टपरीवरून त्यांच्यासाठी टोपी घेतली — चक्क गुलाबी, वर पांढरा मासा. नातीपुढे त्यांचं काही चालत नाही. घातली.

त्याच सुमारास सरांचा मेसेज आला. "शिंगरू कालपासून पीत नाही. सात वेळा प्रयत्न केला. दूध माझ्या अंगावर आहे." मागोमाग दुसरा — डॉक्टर येऊन गेले, संध्याकाळपर्यंत प्यायलं नाही तर वाचणं कठीण आहे म्हणाले.

हट्ट माझा होता. त्या दहा दिवसांच्या जिवाला काही झालं असतं तर बाबा मला एका शब्दाने बोलले नसते, आणि तेच मला सहन झालं नसतं. त्यांना सांगायची हिंमतच होईना. मिलिंद, माझा नवरा, म्हणाला, जेवून लगेच निघू, वाटेत सांगू.

दोन वाजता बॅगा भरून बघतो तर बाबा टोपीसकट गाढ झोपलेले. हा माणूस आयुष्यात कधी दुपारी आडवा झालेला नाही. हाका मारल्या, हलवलं... उठेचनात. घोरणं मात्र शेजारच्या खोलीपर्यंत ऐकू जात होतं.

पावणेचारला सरांचा फोन.

"तुमचे सासरे येऊन पाजून गेले. बाटली रिकामी आहे. येणारच होते तर मला कशाला अडकवलंत?"

"सर, बाबा इथे आहेत. माझ्यासमोर झोपलेत."

"मग तुमच्याकडे दुसरे कुणी असतील. मी चहा विचारला, नको म्हणाले. आणि त्यांना सांगा, गुलाबी टोपी या वयात शोभत नाही."

मी फोन उलटासुलटा तपासला. टोपीचा फोटो आम्ही काढलेलाच नव्हता. गाडीने पुणं तिथून सहा-सात तास.

चार वाजता बाबा उठले. मूड एकदम फर्स्ट क्लास. चूळ भरली आणि म्हणाले, "लिमयांना सांग, दूध फार गरम करतात. त्याचं तोंड पोळतं."

मी विचारलं, "बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"यात सांगायचं काय? मास्तर माणूस. सगळं उकळूनच देणार."

मग ईराचा हात धरून गुडघाभर पाण्यात गेले.

मी निरोप पोचवला. दूध कोमट केल्यावर पेढा सरांच्या हातूनही प्यायला लागला, म्हणून आम्ही राहिलो. मी बाथरूममध्ये जाऊन दोन मिनिटं रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी दोन वाजता बाबा पुन्हा आडवे झाले. मी तडक सरांना फोन लावला.

"आले का?"

"आलेत."

"सर, प्लीज एक फोटो काढा ना."

"परवानगीशिवाय मी कुणाचे फोटो काढत नाही," म्हणाले आणि फोन ठेवला.

म्हणजे पुरावा शून्य. पण माझ्याच नियमाने गोष्ट दुसऱ्यांदा घडली होती.

पुण्याला परतलो तेव्हा पेढा चार दिवसांनी माणसं भेटल्यासारखा मला, ईराला, मिलिंदला हुंगत राहिला. बाबा आत आले तेव्हा त्याने मानसुद्धा वर केली नाही. दुपारी बाबा गाडीत गाढ झोपले होते, म्हणजे दुपारीच तर भेटले होते.

सरांना भास झाला म्हणावं, तर ते देव्हाऱ्यातल्या देवालाही पुरावा मागतील असे गृहस्थ. टोपीचा योगायोग म्हणावा, तर दुधाचं काय? मला आजही यातलं काही उलगडलेलं नाही. बाबांना विचारायला जावं, तर ते घोडी घासायचा खरारा उचलून तबेल्यात निघून जातात.

या पौषात कुठे जायचं, असं परवा मी सहज विचारलं. पेढा आता माझ्या खांद्याला लागतो. त्याच्या पाठीवर खरारा फिरवता फिरवता बाबा म्हणाले, "गुहागरलाच जाऊ. तिथे दुपारची झोप छान लागते."