भोंगेमास्तरचा खडा आणि दादाच्या झांजा

भोंगेमास्तर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव विचारत कुणी गल्लीत शिरलं, तर तो माणूस दिवसभर फिरेल आणि घर काही सापडायचं नाही. भोंगेमास्तर म्हटलं की मात्र पोरंटोरंसुद्धा बोट दाखवतात, वरचा मजला, निळी खिडकी. बँडमधलं सगळ्यात मोठं पितळी वाद्य, अजगरासारखं अंगाला विळखा घालणारं, वर परातीएवढं तोंड वासलेलं, ते त्याच्या खांद्यावर असायचं. शिकलेली माणसं त्याला ट्युबा म्हणतात. गल्ली म्हणायची भोंगा. तो घरात सरावाला बसला की खालच्या मजल्यावरचे पेन्शनर काका झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे, आणि याला वाटायचं, काका ताल धरतायत.

भोंगा आधी त्याच्या दादाचा होता. दोघा भावांचं छोटं दुकान होतं, पितळी वाद्यांचे पोचे काढायचं. वाद्यं म्हणजे लहान मुलांचे गुडघेच, कायम कुठेतरी आपटलेली. दिवसा दोघं ठोकाठोकी करायचे आणि संध्याकाळी फुंकायचे. ऐन उमेदीत दादाला मुतखडा झाला. तेव्हा त्याचं ऑपरेशन म्हणजे बरगडीपासून पोटापर्यंत चीर. खडा निघाला, जीव वाचला, पण कुशीला जी शिवण बसली ती बसलीच. मोठा श्वास घेतला की तिथे ताण पडायचा आणि अर्ध्या सुरातच हवा संपायची. एके दिवशी दादाने भोंगा धाकट्याच्या मांडीवर ठेवला आणि स्वतः झांजा उचलल्या. झांजांना फुंकावं लागत नाही. पण दादा जातीचा उतावळा. त्याच्या झांजा नेहमी अर्धी मात्रा आधीच वाजायच्या. सगळ्या बँडला ते ठाऊक होतं, आणि कुणी एका शब्दाने बोलत नसे.

आता खडा काय, एकदा घर पाहून गेला की त्याला पत्ता पाठ होतो. एका सुट्टीच्या दिवशी बागेतल्या चबुतऱ्यावर बँड रंगात आला होता आणि मास्तरच्या कमरेत अशी कळ निघाली, अशी निघाली, की भोंग्यातून भलताच हंबरडा बाहेर पडला. पहिल्या रांगेतली एक म्हातारी चटकन उठून उभी राहिली. तिला वाटलं, राष्ट्रगीत सुरू झालं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई ठेंगण्या, चपळ, आणि हसल्या की चष्म्याआडून सगळ्यांनाच डोळा मारल्यासारख्या दिसायच्या. त्यांनी फोटो उजेडावर धरला. खडा चांगला सुपारीएवढा.

"काढावा लागेल, मास्तर."

मास्तरने फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी परत वाजवीन का, तेवढं सांगा."

"का नाही वाजवणार?"

"आमचा दादा नाही वाजवू शकला."

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "दादांच्या वेळचं वेगळं होतं. मी पाठीला पेन्सिलीएवढं भोक पाडणार. त्यातून बारकी दुर्बीण आत घालणार, लेझरने खड्याचा भुगा करणार आणि तो त्याच वाटेने धुऊन काढणार. कापाकापी नाही."

मास्तरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याच्या दुकानात आता तेच तर चालायचं. पूर्वी नळी आतून चेपली की ती कापायची, सरळ करायची, डाख लावून जोडायची. वाद्य दिसायला धड, पण आवाज कायमचा बसका. आता एका टोकाला गोळी असलेली लांब सळई तोंडातून आत सारायची आणि पोचा आतूनच दाबत दाबत उचलायचा. पितळेला बाहेरून ओरखडासुद्धा नाही.

"म्हणजे सळईचं काम," तो म्हणाला.

"अगदी तेच," बाई म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "आणखी एक विचारायचंय. पुढच्या महिन्यात आमची मोठी परिषद आहे. देशोदेशीचे डॉक्टर येणार, कमीत कमी कापून ही ऑपरेशनं कशी करायची ते एकमेकांना दाखवायला. तुमचं ऑपरेशन मी इथे करत असताना ते पलीकडच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर बघतील. तुमची हरकत नसली तरच. नाही म्हणालात तरी ऑपरेशन मीच करीन, असंच करीन. आणि तुमचं नाव किंवा चेहरा यातलं काही..."

पण पुढचं ऐकायला मास्तर तिथे होता कुठे? तो केव्हाच मोठ्या पडद्यावर जाऊन बसला होता.

"हरकत? कसली हरकत!" तो म्हणाला. शेजारी बसलेल्या बायकोने मात्र बाईंचं वाक्य शेवटपर्यंत ऐकलं, मान डोलावली, आणि पिशवीचे बंद आवळून घेतले.

दादाला हे कळलं तेव्हा त्याच्या हातातला हातोडा वरच राहिला.

"शेकडो लोकांपुढे कूस उघडी टाकणार? तमाशा आहे का?"

"अरे दादा, मोठमोठे डॉक्टर आहेत ते."

"माझ्या वेळीही मोठेच होते. मलाही म्हणाले होते, काही होणार नाही." दादाने हातोडा खाली ठेवला. "तुझं तू बघ. मी काही तिकडे फिरकणार नाही."

"वहिनी काय म्हणतायत?"

"ती काय म्हणणार! ती तुझ्याच बाजूची." आणि दादा पुढचे दोन पोचे इतक्या रागाने ठोकत बसला की तिसरा नवीनच पडला.

मास्तरची तयारी मात्र लग्नघराला लाजवील अशी चालली. न्हाव्याकडे जाऊन केस कापले, दाढी केली, मिशांना मेण लावून टोकं वर वळवली. बँडचा लाल कोट काढला, पितळी बटणं चिंच लावून घासली. आरशापुढे डावी बाजू चांगली दिसते की उजवी, याचा निकाल लागेना, म्हणून बायकोला विचारलं.

"दोन्ही बाजू सारख्याच आहेत," ती म्हणाली. "तीच तर काळजी आहे."

ऑपरेशनच्या दिवशी सिस्टरने लाल कोटाकडे पाहिलं, मग मिशांकडे, आणि एक हिरवा झगा पुढे केला. तो मागून सगळा उघडा.

"हा? हा घालून जगापुढे?"

"जगाला सवय आहे," सिस्टर म्हणाली.

कमरेत सुई टोचली आणि पाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे झाले. डोकं जागं, बाकीचा माणूस झोपलेला. मास्तरने मिशांना हळूच पीळ दिला, चेहरा प्रसन्न केला. तेवढ्यात चौघांनी मिळून त्याला उचललं.

"चला मास्तर, पालथे."

"पालथा? मग तोंड?"

"तोंड उशीत."

गेलं! एवढं मेण, एवढा न्हावी, सगळं उशीत गेलं. आता जगात दिसत होते ते फक्त सिस्टरचे पांढरे बूट. भिंतीवरच्या स्पीकरमधून सभागृहाचा गलका येत होता. कुणीतरी परक्या भाषेत काही बोललं, बाई हसत उत्तर देऊन मोकळ्या झाल्या, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तर जन्मभर टाळ्यांवर वाढलेला माणूस. त्याला राहवेना.

"बाई, ते टाळ्या वाजवतायत. मी जरा वळू का?"

"वळलात तर माझी सुई कुठे जाईल ते मलाही सांगता येणार नाही."

"नुसता हात हलवतो."

"मास्तर, त्यांना तुमचा हात दिसत नाही. पाठसुद्धा दिसत नाही. मी सांगितलं होतं ना? त्यांना फक्त आतलं दिसतंय. तुमची किडनी."

अपमान गिळायला जरा वेळ लागतोच.

"कशी आहे दिसायला?" थोड्या वेळाने उशीतून आवाज आला.

"देखणी आहे."

"आईकडून आली असेल," मास्तर म्हणाला, आणि सिस्टरचे बूट गदगदा हलायला लागले.

मग काम सुरू झालं. पाठीत काहीतरी चाललंय एवढंच कळायचं, दुखत काही नव्हतं. बाई मधूनमधून सभागृहाशी बोलायच्या. आणि मग बोलायच्या थांबल्या. स्पीकरही गप्प झाला. खडा सरकून मागच्या एका कप्प्यात दडून बसला होता. कुणीतरी पलीकडून काही विचारलं. बाईंनी एका शब्दात उत्तर दिलं, आणि तो शब्द हसरा नव्हता.

मास्तरला परकी भाषा येत नव्हती, पण शांतता वाचता येत होती. इतका बँड वाजवलेला माणूस तो. वाजवणारे थांबले की काहीतरी चुकलंय एवढं त्याला डोळे मिटूनही कळलं असतं. झालं, आता कापणार, असं त्याच्या मनाने घेतलं. दादाची कूस डोळ्यांपुढे आली, आंघोळीच्या वेळी दिसणारी तो लांब पांढरा वळ. भोंगा कुणाच्या मांडीवर ठेवायचा? त्याला तर धाकटा भाऊही नव्हता. त्याने एक खोल श्वास घेऊन पाहिला, बहुधा शेवटचाच म्हणून.

"मास्तर, छाती एवढी फुगवू नका," बाई म्हणाल्या. "वाजवायचं नंतर."

नंतर! म्हणजे नंतर आहे तर. मास्तरने तो शब्द धरून ठेवला, बसमधली कडी धरतात तसा.

बारीक टकटक सुरू झाली. चालली, थांबली, पुन्हा चालली. पाण्याचा खळखळाट झाला. आणि स्पीकरमधून एकदम...

झण्ण!

त्याच्या मागोमाग टाळ्या उसळल्या. बाई नळी बाहेर काढून उभ्या होत्या म्हणून बरं, त्या जागीच दचकल्या.

"हे काय होतं?"

उशीत तोंड असलं तरी मास्तरला आवाज ओळखायला काय लागतं? त्याचे डोळे भरून आले आणि मेणाच्या मिशा ओल्या झाल्या.

"काही नाही बाई. आमचा दादा आहे. तो नेहमी अर्धी मात्रा आधीच वाजवतो."

झालं होतं ते असं. सकाळपासून दादाला दुकानात बसवेना. वहिनी म्हणाली, "जायचं तर जा, नाहीतर माझी भांडी तरी ठोकू नका." दादाने सगळा बँड गोळा केला, लाल कोट चढवले, वाद्यं उचलली, आणि मंडळी परिषदेच्या दाराशी जाऊन उभी राहिली. नुसतं बाहेर उभं राहायचं, एवढाच बेत. पण गळ्यात परिषदेच्या ओळखपत्राचा पट्टा अडकवलेली एक मुलगी धावत आली. "किती उशीर केलात! उद्घाटन कधीच होऊन गेलं!" असं म्हणत तिने सगळ्यांना आत ढकलून मागच्या भिंतीला उभं केलं. कुणी कुणाला बोलावलं होतं, ते शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही.

"पडद्यावर नुसती गुलाबी गुहा," दादा पुढे कित्येक दिवस सांगायचा. "मला वाटलं समुद्राखालचं काहीतरी दाखवतायत. मग कळलं, हा आपला धाकटा!"

शेजारी एक परदेशी डॉक्टर बसला होता, दादाच्याच वयाचा, केस कापसासारखे. दादाची घालमेल बघून त्याने खुणेने विचारलं, कोण? दादाने पडद्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे. आणि काय वाटलं कोण जाणे, कोट वर करून आपली कूसही दाखवली. त्या म्हाताऱ्याने ती शिवण पाहिली, मग स्वतःचे दोन्ही हात पुढे धरले, आणि मान हलवली. अशा शिवणी त्याच्याही हातून खूप झाल्या होत्या, दुसरं काही हाती नव्हतं तेव्हा. पुढे बाई गप्प झाल्या तेव्हा दोघांनी एकमेकांचा हात घट्ट धरला होता. शेवटचा तुकडा फुटल्याबरोबर त्या म्हाताऱ्यानेच कोपराने ढोसलं, आणि दादाला तेवढं पुरे झालं.

घरी आल्यावर फुंकायचं नाही, भोंगा उचलायचा नाही, बाईंची सक्त ताकीद. मास्तरवर विश्वास कोण ठेवतो! बायकोने वाद्याची मुखनळी, ओठाला लावायची ती वाटी, काढून कुठेतरी दडवली. त्याने ती कपाटात शोधली, गादीखाली शोधली, तिच्या पिशवीतही हात घालून पाहिला.

"चेहरा दिसणार नाही हे तुला माहीत होतं," एक दिवस तो चिडून म्हणाला. "मग बोलली का नाहीस?"

"कित्येक महिन्यांनी धड दाढी केली होती तुम्ही. मी कशाला बोलू?"

शेवटी तपासणी झाली, बाईंनी पाठीवर थाप दिली. "वाजवा. पण हळू."

"भोंगा हळू वाजत नाही, बाई."

त्या संध्याकाळी बायकोने पिठाचा डबा उघडला आणि तळातून मुखनळी काढली. पदराला वरवर पुसली, दिली. दादा झांजा घेऊन समोर बसला होता, पाठीमागे वहिनी. मास्तरने भोंगा अंगावर चढवला, मुखनळी बसवली, श्वास भरला. कुशीत काही ताणलं नाही. आणखी भरला. तरीही नाही. मग फुंकर मारली, आणि भोंग्यातून सूर यायच्या ऐवजी आधी पिठाचा ढग आला, तो थेट दादाच्या तोंडावर.

"अगं, जरा पाण्याने धुवायची तरी!" वहिनी हसून हसून भिंतीला टेकली.

दुसऱ्या फुंकरीला तो आला. खालचा, लांब, जाडजूड सूर. फळीवरच्या ताटल्या थरथरल्या, निळी खिडकी घुमली, आणि संपायचं नाव घेईना. खालून काकांचा झाडू सुरू झाला, ठक ठक ठक. आता झांजा पडायच्या, सगळे वाट बघत होते. पण दादा पांढऱ्या भुवयांखालून नुसता धाकट्याच्या कुशीकडे बघत राहिला होता, ती वरखाली होताना.

"दादा, अहो झांजा!" मास्तरची बायको ओरडली.

दादाने दचकून हात उचलले. जन्मात पहिल्यांदाच त्याच्या झांजा मात्रा उलटून गेल्यावर वाजल्या.